चार्जिंगची गाडी : बॅटरी नक्की किती वर्षं टिकते?

इलेक्ट्रिक मोटारसायकल आणि स्कूटरच्या बॅटरीबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं या वेळी देत आहोत. एक गोष्ट आधीच सांगतो. कंपन्यांच्या माहितीपत्रकातले आकडे साधारण २५ अंशांच्या प्रयोगशाळेतले असतात. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा अनेकदा ४० च्या वर जातो. त्यामुळं खालच्या बहुतेक उत्तरांत ऊन पुन्हा पुन्हा येईल.

प्रश्न : औशाहून लातूरला रोज नोकरीला जातो, जाऊन-येऊन ४० किलोमीटर होतात. ३.२ युनिटच्या बॅटरीची मोटारसायकल घ्यायची आहे. शोरूमवाले म्हणतात आठ वर्षं बघायला नको. मेकॅनिक म्हणतात तीन वर्षांत बॅटरी बसते. खरं कोणाचं मानावं?
— शिक्षक, औसा

उत्तर : दोघांचंही खरं होऊ शकतं. दोन सारख्या गाड्यांपैकी एक तीन-चार वर्षांत दमते आणि दुसरी सात वर्षं चालते, हे शक्य आहे. फरक पडतो तो गाडी कुठं उभी राहते आणि किती टक्क्यांवर उभी राहते यानं.

आधी वापराचा हिशेब करू. मोटारसायकल एका किलोमीटरला साधारण ३० ते ४० वॅट-तास खाते. हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट. ३५ धरले तर तुमच्या ४० किलोमीटरला १.४ युनिट लागतात, म्हणजे बॅटरीचा ४५ टक्के भाग. वर्षाला २८० दिवस गाडी चालली तर ११,२०० किलोमीटर. पूर्ण चार्जमध्ये खरे ९० किलोमीटर मिळतात असं धरलं, तर हे वर्षाला सव्वाशे पूर्ण फेऱ्यांएवढं झालं. फेरी म्हणजे शंभर टक्के भरून शंभर टक्के वापरणं. अर्धी-अर्धी दोनदा वापरली तर ती एकच फेरी धरायची. निकेल-मँगनीज-कोबाल्ट, म्हणजे एनएमसी जातीची बरी बॅटरी ८०० ते १००० फेऱ्यांनंतर ८० टक्के क्षमतेवर येते. म्हणजे नुसत्या वापराचा विचार केला तर तुमची बॅटरी सहा ते आठ वर्षं पुरते.

पण बॅटरी उभ्या उभ्याही म्हातारी होते. सेलच्या आत ग्रॅफाइटवर एक पातळ थर असतो. तो हळूहळू जाड होत जातो आणि त्यात लिथियम कायमचं अडकतं. अडकलेलं लिथियम परत कामाला येत नाही, तीच तुमची कमी झालेली रेंज. हा थर दोन गोष्टींनी भराभर वाढतो : उष्णता आणि भरलेली बॅटरी. ढोबळ नियम असा की दर १० अंशांना झीज दुप्पट होते. म्हणजे ४५ अंशांवर उभा असलेला पॅक, म्हणजे सगळे सेल जोडून केलेली अख्खी बॅटरी, २५ अंशांच्या चौपट वेगानं झिजतो. शाळेच्या मैदानात मे महिन्यात उन्हात उभी असलेली काळ्या टाकीची गाडी, आत ९५ टक्के भरलेली बॅटरी : याहून वाईट ठेवण नाही. दिवसा पत्र्याच्या शेडमध्ये शंभर टक्के भरून ठेवली तरी तेच, कारण पत्रा तापला की शेड बाहेरच्या हवेपेक्षाही गरम होतं.

तुमच्यासाठी नेमकं करायचं ते असं. चार्ज ८० ते ८५ टक्क्यांवर थांबवा. ४५ टक्के वापरून संध्याकाळी ३५-४० टक्के उरतील, ते पुरेसे आहेत. गाडी घरी आली की लगेच प्लग लावू नका, पाऊण तास निवू द्या. सगळ्यात चांगली वेळ पहाटेची : मेमध्येसुद्धा पहाटे चारला हवा बरीच निवलेली असते. १६ अँपिअरचा टायमर-सॉकेट घेऊन ४ ते ६ अशी वेळ लावून ठेवा. चार्जर साधारण ७५० वॅटचा असेल, तर १.४ युनिट दोन तासांत भरतात. पंधरा दिवसांतून एकदा मात्र पूर्ण १०० टक्के भरा आणि त्यानंतर तासभर चार्जर तसाच ठेवा. बीएमएस, म्हणजे पॅकमधला सगळ्या सेलवर लक्ष ठेवणारा बोर्ड, सेलचे गट एका पातळीवर आणतो ते बहुतेक पॅकमध्ये त्या शेवटच्या टप्प्यात. शाळेत झाड असेल तर झाडाखाली जागा धरा. एवढ्याशा गोष्टीनं वर्ष-दीड वर्षाचा फरक पडू शकतो.

अजून एक. ८० टक्के क्षमता म्हणजे बॅटरी संपली असं नाही. ९० किलोमीटरची गाडी ७२ किलोमीटरची झाली, एवढंच. तुम्हाला रोज ४० लागतात, त्यामुळं ६५-७० टक्के क्षमतेपर्यंत तुमचं काम अडत नाही. रोज ८० किलोमीटर जाणाऱ्यानं हीच गाडी घेतली, तर तिसऱ्या वर्षीच त्याला अडचण येईल. म्हणून गाडी घेताना नियम साधा ठेवा : रोजच्या गरजेच्या दुप्पट खरी रेंज हवी. कंपनीच्या रेंजच्या ६५ ते ७५ टक्के खरी धरा.

एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची बॅटरी मिळत असेल आणि थोडं जादा वजन चालत असेल, तर मराठवाड्यासाठी आम्ही ती आधी बघू. फेऱ्या दोन हजारांच्या पुढं जातात आणि तापल्यावर पेट घेण्याचा धोका कमी असतो. तिचं एकच पथ्य आहे. तिचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो, त्यामुळं टक्क्यांचा अंदाज चुकत जातो. म्हणून ती आठवड्यातून एकदा पूर्ण भरावी.

वॉरंटी वाचताना ‘वर्षं किंवा किलोमीटर, जे आधी होईल ते’ ही ओळ बघा. मग क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बॅटरी बदलून मिळते, हे लेखी आहे का ते विचारा. अनेक ठिकाणी हा आकडा ७० टक्के असतो. तो लेखी नसेल, तर रेंज कमी झाल्याच्या तक्रारीला ‘ही नॉर्मल झीज आहे’ असं उत्तर मिळतं आणि तुमच्या हातात काही राहत नाही.

प्रश्न : गाडी दोन वर्षांची आहे, ३.२४ युनिटचा पॅक. आधी ९० जायची, आता ६५ मध्येच दम तोडायलीय. बॅटरी गेली का? शोरूममध्ये नीट सांगत नाहीत.
— वाचक, मानवत (जि. परभणी)

उत्तर : मोजल्याशिवाय बॅटरीला दोष देऊ नका. मोजणं घरी होतं. इलेक्ट्रिकलच्या दुकानात प्लगमध्ये बसणारा युनिट-मीटर मिळतो, १६ अँपिअरचा घ्या.

गाडी १० टक्क्यांपर्यंत चालवा. तासभर सावलीत निवू द्या. मीटर शून्य करून चार्जर लावा, १०० टक्के होऊ द्या, वर एक तास जाऊ द्या आणि युनिट लिहून ठेवा. हिशेब असा : ३.२४ चे ९० टक्के म्हणजे २.९ युनिट बॅटरीत जायला हवेत. चार्जर साधारण १२ टक्के उष्णतेत घालवतो, म्हणून मीटरवर ३.३ च्या आसपास दिसायला हवं. ३.२ ते ३.४ दिसलं तर बॅटरी ठणठणीत आहे आणि गाडीच जास्त खाते आहे. २.५ दिसलं तर क्षमता साधारण ७५ टक्क्यांवर आली. वॉरंटीत असाल तर हे आकडे तारखेसह फोटो काढून लेखी तक्रारीला जोडा.

बॅटरी ठीक निघाली तर मग गाडीकडं वळा. मधल्या स्टँडवर लावून मागचं चाक हातानं फिरवा. ब्रेक घासत असेल तर चाक लगेच थांबतं आणि वीसेक किलोमीटर चालवल्यावर डिस्क किंवा ड्रम हाताला चटका देतो. टायरमधली हवा दर आठवड्याला बघा, उन्हात पंक्चरच्या द्रवावर विसंबू नका. आणि वेग : ४५ ऐवजी ६५ नं गेलात तर वाऱ्याचा विरोध दुपटीहून जास्त होतो. शहरातल्या फेऱ्या सोडून हायवेला लागलात की रेंज पडते ती यानं.

चढाचाही आकडा सांगतो, कारण बालाघाटच्या डोंगरातले वाचक हे नेहमी विचारतात. गाडी आणि दोन माणसं मिळून २५० किलो धरले, तर १०० मीटर उंची चढायला सुमारे ८५ वॅट-तास जातात. सपाटीवरचे अडीच किलोमीटर कमी झाले म्हणायचे. मांजरसुंब्याचा घाट चढताना टक्के भराभर उतरले म्हणून घाबरू नका.

तुमची गाडी ३० टक्क्यांवरून एकदम ५ वर येते का, ते मात्र आठवून बघा. तसं होत असेल तर सेलचा एखादा गट बाकीच्यांच्या मागं पडला आहे. साखळीत एक कडी कमजोर असली की बीएमएस तिच्यासाठी सगळा पॅक बंद करतो, बाकीच्यांत चार्ज शिल्लक असला तरी. लागोपाठ तीन वेळा १०० टक्के भरून प्रत्येक वेळी दोन तास चार्जरवर ठेवा. थोडा फरक असेल तर भरून निघतो. नाही निघाला तर पॅक उघडावा लागेल, आणि तो वॉरंटीत असेल तर कंपनीनंच उघडला पाहिजे.

थंडीत परभणीकडं पहाटे रेंज कमी दिसते, ती तात्पुरती. थंड सेलचा अंतर्गत रोध वाढतो. दुपारी पूर्ववत होते.

प्रश्न : आमच्याकडं संध्याकाळी व्होल्टेज पडतं, लाईट जाते-येते. चार्जर मधेच बंद पडतो. इन्व्हर्टरवर चार्ज केलं तर चालेल का? आणि चार्जिंगला असताना गाडीला हात लावला की झिणझिण्या येतात.
— वाचक, गेवराई तालुका

उत्तर : शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची, म्हणून तिथूनच सुरू करतो. झिणझिण्या म्हणजे तुमचं अर्थिंग काम करत नाही. चार्जरमध्ये गडबड-लहरी गाळायला छोटे कपॅसिटर असतात, ते धातूच्या भागाला आणि अर्थच्या पिनेला जोडलेले असतात. अर्थिंग धड असेल तर त्यातून येणारा किंचित प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर गाडीच्या सांगाड्यावर अर्ध्या मेन्सएवढा व्होल्टेज उभा राहतो. प्रवाह अगदी कमी असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण उद्या चार्जरमध्ये खरा बिघाड झाला तर त्याला जमिनीत जायला वाट नसेल, तो तुमच्यातून जाईल. आजपासून त्या सॉकेटवर चार्जिंग बंद ठेवा.

आपल्या काळ्या जमिनीचं अर्थिंग उन्हाळ्यात दगा देतं, याचं कारण डोळ्यांना दिसतं. एप्रिलमध्ये जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खड्ड्यातल्या कोळशा-मिठाभोवतीची ओल जाते, माती इलेक्ट्रोडपासून सुटते आणि मधे हवा राहते. वायरमनकडून खड्डा तपासून घ्या, वायरीचा जोड हिरवा पडला असेल तर घासून नव्यानं आवळून घ्या आणि पावसाळा लागेपर्यंत दर आठवड्याला खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता. बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाह गळायला लागला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवा. तो नसेल तर चार्जिंग सुरक्षित आहे असं आम्ही म्हणणार नाही.

आता व्होल्टेज. बरेच चार्जर १८० व्होल्टच्या खाली स्वतःहून बंद होतात. त्यानं बॅटरी खराब होत नाही, फक्त वेळ जातो. शेतातल्या पाण्याच्या मोटारी बंद असतात तेव्हा, म्हणजे रात्री अकरानंतर किंवा पहाटे लावा. लाईट आल्या आल्या प्लग घालू नका. त्या क्षणी व्होल्टेज वर-खाली होतं, दहा मिनिटं थांबा. टीव्हीच्या ५-६ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी लावू नका. ७५० वॅटचा चार्जर २३० व्होल्टला पावणेचार अँपिअर ओढतो, १८० ला पावणेपाच, तेही सलग चार तास. त्यासाठी १६ अँपिअरचं सॉकेट आणि थेट बोर्डातून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लागते. एक्स्टेन्शन बोर्ड वापरूच नका.

इन्व्हर्टरचं उत्तर नाही. घरची १५० अँपिअर-तासाची बॅटरी १२ व्होल्टला १.८ युनिटची. ती निम्म्याहून जास्त रिकामी करायची नसते. त्या निम्म्यातून सगळा तोटा जाऊन गाडीला जेमतेम १८-२० किलोमीटर मिळतात. शिवाय चौकोनी लहरींचा स्वस्त इन्व्हर्टर चार्जर तापवतो.

प्रश्न : जालन्यात एक जण जुन्या पॅकमधले ‘मेलेले सेल’ काढून नवे टाकून देतो, निम्म्या पैशात. करावं का? आणि ७२ व्होल्टचा चार्जर बाजारात स्वस्त मिळतो, तो चालेल ना?
— वाचक, बदनापूर

उत्तर : चार्जर आधी. ‘७२ व्होल्ट’ हे नुसतं नाव आहे. एनएमसीचा ७२ व्होल्टचा पॅक २० गटांचा असतो आणि प्रत्येक गट ४.२ व्होल्टला भरतो, म्हणजे पूर्ण चार्ज ८४ व्होल्ट. एलएफपीचा २४ गटांचा पॅक ३.६५ प्रमाणे ८७.६ व्होल्टला भरतो. दोन्ही चार्जरच्या खोक्यावर ७२ लिहिलेलं असतं. ८७.६ चा चार्जर एनएमसी पॅकला लावला तर प्रत्येक गटावर ४.३८ व्होल्ट येतो. त्याला अडवणारा फक्त बीएमएस. तो एकदा चुकला तर आग लागते. चार्जरच्या पाठीवर आउटपुट व्होल्टेज लिहिलेलं असतं. पॅकच्या लेबलशी दशांशापर्यंत जुळलं तरच घ्या.

सेल बदलण्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे : निवडक सेल बदलून घेऊ नका. वापरलेल्या सेलची क्षमता कमी आणि रोध जास्त झालेला असतो. त्यांच्या ओळीत नवा गट घातला की दोघांचा भरण्याचा आणि रिकामा होण्याचा वेग जुळत नाही. काही महिन्यांत फरक वाढून पॅक पुन्हा बंद पडतो. लॅपटॉपचे जुने सेल टाकणारेही आहेत. ते सेल एवढा प्रवाह ओढायला बनवलेलेच नसतात.

पण ‘बॅटरी मेली’ म्हणून आणलेल्या प्रत्येक पॅकमध्ये सेलच मेलेले असतात असं नाही. निम्मे पैसे द्यायच्या आधी गाडी बंद करा, मेन एमसीबी, म्हणजे गाडीतला वीज तोडणारा मुख्य खटका, खाली करा, पॅकचा जाड प्लग काढा आणि उजेडात धरून आत बघा. चांगल्या पिना पितळी-रुपेरी आणि एकसारख्या दिसतात. एखाद्या पिनेभोवती तपकिरी कडं, तिच्याजवळचं प्लास्टिक किंचित वाकलेलं, नाकाजवळ नेलं तर करपलेला वास : असं असेल तर जोड ढिला होऊन तापत होता. चढावर गाडी बंद पडणं, चार्जिंग मधेच तुटणं, हे सगळं या एका प्लगमुळं होतं आणि नवा प्लग बॅटरीच्या किमतीपुढं काहीच नाही. यानंतर बघायचे ते बीएमएसच्या बारीक वायरींचे जोड. ओल गेली असेल तर त्यावर हिरवट पूड दिसते. मग पूर्ण चार्ज करून दोन तासांनी प्रत्येक गटाचा व्होल्टेज. सगळे ३० मिलिव्होल्टच्या आत असतील तर सेल ठीक. एखादा १०० नं खाली असेल तर तो गट कमजोर आहे. आतलं काम ८४ व्होल्ट डीसीवरचं आहे, हातात अंगठी-कडं घालून करायचं नाही, आणि ज्याला येतं त्यानंच करायचं.

जुनी गाडी विकत घेत असाल तर पॅक कधी बनला ते लेबलवर बघा. बॅटरीच्या सुरक्षेचे कडक नियम, म्हणजे एआयएस १५६ या वाहनांच्या भारतीय मानकाची तिसरी दुरुस्ती, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्यानंतरचा पॅक आम्ही पसंत करू. मानवतच्या उत्तरातली युनिट-मीटरची चाचणी केल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : मुलीच्या कॉलेजसाठी २५ च्या वेगाची बिनपासिंगची स्कूटर घेतली. चौदा महिन्यांत बॅटऱ्या बसल्या. फसवणूक झाली का?
— वाचक, वसमत (जि. हिंगोली)

उत्तर : त्यात लेड-ॲसिडच्या १२ व्होल्टच्या चार-पाच बॅटऱ्या असणार. त्यांचं आयुष्यच ३०० ते ४०० फेऱ्यांचं, म्हणजे वर्ष-दीड वर्ष. लिथियमच्या उलट त्यांना अर्धवट भरलेलं राहणं सोसत नाही, पट्ट्यांवर सल्फेट धरतं. रोज वापर झाला की लगेच पूर्ण भरा. बदलताना सगळ्या एकदम बदला. लिथियम बसवायची असेल तर बीएमएससह पूर्ण पॅक आणि त्याचाच चार्जर हवा, आणि तो कंपनीनं त्या मॉडेलसाठी मान्य केलेला हवा. जुना चार्जर लिथियमला कधीही लावू नका.

प्रश्न : दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो, पाच-सहा महिने गाडी घरीच असते. मागच्या वेळी आलो तर चार्जच होईना. या वेळी काय करावं?
— वाचक, वडवणी (जि. बीड)

उत्तर : गाडी बंद असली तरी बीएमएस, डिस्प्ले आणि सिमकार्ड असेल तर तेही थोडं थोडं खात राहतात. १० टक्क्यांवर ठेवून गेलात की दोन-तीन महिन्यांत पॅक रसातळाला जातो. सेल २.५ व्होल्टच्या खूप खाली गेला की आतल्या तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो. पुन्हा चार्ज करताना ते तांबं भलत्या ठिकाणी जमतं आणि आत शॉर्ट होतो. म्हणून मेलेला पॅक दुसऱ्या बॅटरीनं धक्का देऊन जागा करणारा मेकॅनिक भेटला तर करून घेऊ नका. मागचा पॅक तसाच केला असेल तर तो घरात ठेवू नका, कंपनीकडं परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आहे.

या वेळी निघताना ५० ते ६० टक्के चार्ज ठेवा. शंभर टक्के भरून ठेवू नका. एमसीबी खाली करा. पॅक निघत असेल तर काढून घरात न्या. पत्र्याच्या खोलीपेक्षा माळवदाची खोली कितीतरी थंड असते, तिथं जमिनीपासून वीतभर उंच लाकडी फळीवर ठेवा, धान्य, सरपण आणि चुलीपासून लांब. घरी म्हातारी माणसं असतील तर पॅक त्यांच्या झोपायच्या खोलीत किंवा दाराच्या वाटेत नको. दीड-दोन महिन्यांनी घरच्या कोणाला तरी टक्के बघायला सांगा. ३० च्या खाली दिसलं तर तासभर चार्ज करून ५० वर आणायचं, आणि चार्जिंग चालू असताना माणूस जागा पाहिजे.

परत आल्यावर आधी पॅक हातानं चाचपा. फुगवटा, चिर किंवा गोडसर रसायनाचा वास असेल तर चार्जर लावू नका. काही नसेल तर सकाळच्या गारव्यात पहिला चार्ज पूर्ण करा आणि दर अर्ध्या तासानं पॅकला हात लावून बघा. कोमट लागला तर ठीक आहे. हात ठेववत नसेल तर प्लग काढा आणि पॅक अंगणात, भिंतीपासून दूर नेऊन ठेवा.